काळजातले खडे

सासूबाईंच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर पोरं, भाताच्या कोठाराच्या पायऱ्यांवर बाया, आणि पुरुष सगळे पुढे घुसलेले. मधोमध चटईवर तबीब बुरहान बसला होता आणि त्याच्यासमोर पांढरं एनॅमलचं ताट होतं. ताटात पाणी, पाण्यावर खडे तरंगत होते. हिरवे, गुळगुळीत, काही वाटाण्याएवढे तर काही चांगले सुपारीएवढे.

"हात लावू नका," तबीब म्हणाला. "रागाचे आहेत. चटका बसेल."

पुढची रांग मागे सरकली. एका म्हातारीने तोंडावर ओढणी घेतली.

हे खडे निघाले होते माझ्या साडूच्या पोटातून. माझी बायको नेल्मी, तिची धाकटी बहीण वित्री, आणि तिचा नवरा झुल्फान. तो बिचारा खांबाला टेकून बसला होता. रात्रभर जुलाब होऊन चेहरा पार उतरला होता. गेले काही महिने तेलकट जेवण झालं की त्याच्या उजव्या बरगडीखाली कळ उठायची आणि थेट खांद्यात जायची. मी म्हणत होतो शहरात जाऊन पोटाचा फोटो काढू. पण सासूबाईंच्या भावाने, म्हणजे दातुकमामांनी, किनाऱ्याकडून हा तबीब आणवला होता. दातुक म्हणजे घराण्याचा प्रमुख. ते बोलले की विषय संपतो.

"माणूस भात गिळतो, तो दुसऱ्या दिवशी निघतो," तबीब सांगत होता. "राग गिळतो, तो निघतो का? बायकोने टोमणा मारला, गिळला. सासूने तोंड फिरवलं, गिळलं. गेला कुठे तो राग? काळजात गेला. तिथे मुरला. पाणी आटलं की मीठ राहतं, राग आटला की खडा राहतो. डॉक्टर काय करणार? डॉक्टर पोट कापेल. राग कापेल का?"

सगळं अंगण माना हलवत होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि माझ्या कुठल्याही धड्याला पोरं इतकी गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

आमच्या बोलीत 'आती' म्हणजे काळीज, पुस्तकात ज्याला यकृत म्हणतात ते. बाजारात फळीवर ठेवून वजनावर विकतात ते आती, आणि कोणी टाकून बोललं की दुखतं तेही आती. छातीतल्या हृदयाला वेगळा शब्द आहे, पण ते नुसतं धडधडतं. राग, लोभ, माया, सगळा कारभार काळजाकडे. तबिबाचा धंदा या एका शब्दावर उभा होता. काळजात राग असतो हे आम्हाला कोणी पटवून द्यावं लागत नाही, लहानपणापासून बोलतोच आहोत तसं. मग काळजात खडा असतो हे पटायला कितीसा वेळ लागणार?

खडे निघाले म्हणजे उपचार संपला असं नव्हतं. खरा उपचार पुढेच होता. प्रत्येक खड्याचं नाव घ्यायचं: कुणावरचा राग, कशावरून. तेही घरच्यांसमोर, मोठ्याने. ज्या खड्याचं नाव घेतलं नाही तो परत धरणार, आणि या वेळी पोराबाळांच्या काळजात. झुल्फानला दोन वर्षांची मुलगी आहे. ती तेव्हा वित्रीच्या मांडीवर बसून ताटाकडे हात करत होती.

झुल्फान शर्ट शिवतो. दिवसभर मशीनवर बसलेला, तोंडात टाचण्या. टाचण्या काढल्या तरी तो बोलत नाही. अशा माणसाला तबिबाने ताटासमोर बसवलं आणि चिमट्याने एक खडा उचलला.

"हा कुणावरचा?"

झुल्फानने इकडेतिकडे पाहिलं. "आमाकवरचा," तो हळूच म्हणाला. आमाक म्हणजे आमच्या सासूबाई.

"कशावरून?"

"माझ्या बहिणीच्या लग्नाला आमाक उशिरा आल्या."

"बस बंद पडली होती," सासूबाई म्हणाल्या.

"मध्ये बोलू नका, माउली. खडा निघतोय," तबीब म्हणाला आणि दुसरा उचलला.

दुसरा वित्रीवरचा होता, तिसरा दातुकमामांवरचा. त्यानंतर झुल्फानकडे राग उरले नाहीत, पण ताटात खडे ओंजळभर होते. मग त्याने बनवायला सुरुवात केली. मामा जेवताना आवाज करतात. नेल्मीने त्याच्या आईला एकदा ओळख दिली नाही. सासूबाई रश्शात त्याच्या वाटणीला हाडंच घालतात. गर्दीतून हसू फुटत होतं, आणि घरच्यांचे चेहरे एकेक करून मिटत होते. संध्याकाळपर्यंत वित्रीने त्याच्याशी बोलणं सोडलं.

आता आमची गत सांगितली पाहिजे. आम्ही सगळेच घरजावई. आमच्याकडे दुसऱ्या प्रकारचा जावईच नसतो. माझ्या आईच्या घरी मी स्वतः मामा आहे. बहिणींची पोरं माझ्यासमोर पाय पसरून बसत नाहीत. बायकोच्या घरी मात्र मी पाहुणा. पाहुण्याने जेवावं, छान झालंय म्हणावं, आणि घरच्या बैठकीत तोंड मिटून बसावं. रुसून एक रात्र जरी आईकडे झोपायला गेला, तरी गाव समजतं की संसार मोडला. दार उघडं असतं आणि बाहेर पडता येत नाही.

मी तरीही बोललो. तिसऱ्या खेपेला, जेव्हा परत ओंजळभर खडे निघाले तेव्हा.

"तबीबसाहेब," मी म्हणालो, "एवढे खडे एका काळजात मावतील कसे? आणि परवाच नावं घेऊन मोकळा झालेला माणूस दोन दिवसांत पुन्हा एवढा रागावला कधी? तो तर अंथरुणात पडून आहे."

तबिबाने माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "हे थोरले जावई ना? शिकलेले आहेत. शिकलेला माणूस राग तोंडावर आणत नाही. सगळा आत." मग तो मामांकडे वळला. "दातुक, एका घरात दोन जावई, आणि एकालाच औषध? हे बरं नव्हे."

मामांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. त्या नजरेला नाही म्हणायचं तर मला कपडे गोळा करावे लागले असते.

तेव्हा ते औषध मी स्वतः प्यायलो, म्हणून त्याची कृती पक्की सांगू शकतो. दुपारपासून उपास. मग जुलाबाचं विलायती मीठ पाण्यात घालून, दोनदा. संध्याकाळी एक पेलाभर जैतुनाचं तेल आणि तेवढाच लिंबाचा रस, घुसळून. तेलाची बाटली तबिबाकडूनच घ्यायची, त्यावर त्याने काहीतरी पुटपुटून फुंकर घातलेली असते. प्यायलं की उजव्या कुशीवर पडून राहायचं. चव कशी लागते ते विचारू नका. घसा तेलाने माखतो आणि पोट आतून म्हणत राहतं की हे तू काय केलंस.

सकाळी माझ्यातूनही खडे निघाले. तसेच हिरवे, तसेच गुळगुळीत. अंगणात बसून मीही नावं घेतली. खोटं कशाला बोलू, माझ्याकडे राग भरपूर आहेत, मला अडचण आली नाही. नेल्मीने पुढचे काही दिवस मला वेगळ्या चटईवर झोपवलं.

पण मी काही खडे धुऊन ठेवले होते. घरामागे माडाखाली बसून एक चिमटीत दाबला. तो मऊ पडला. बशीत ठेवून वर गरम पाणी ओतलं. खडा बाजूंनी पाझरायला लागला, पसरला, आणि पाण्यावर हिरवट तेलाचा थर तेवढा राहिला. मी नाक जवळ नेलं. ओळखीचा वास होता. फुंकर घातलेल्या बाटलीचा.

मला इतका आनंद झाला की मी चूक केली. तडक अंगणात गेलो, लोकांसमोर एक खडा गरम पाण्यात टाकला आणि विरघळवून दाखवला. "हे तेल आहे," मी म्हणालो. "दगड असा वितळतो का?"

तबीब उठला, बशीजवळ आला, वाकून पाहिलं, आणि त्याचे डोळे चक्क भरून आले.

"वितळला," तो म्हणाला. "पाहिलंत? याने नाव घेतलं होतं, म्हणून वितळला. पश्चात्तापाने वितळलेला खडा मी फार वर्षांनी पाहतोय."

अंगण हेलावलं. दोघे जण पुढे येऊन माझा हात हातात घेऊन गेले. मी तिथे उभा राहिलो आणि मला कळलं की या माणसाला मी काहीही दाखवलं तरी तो ते आपल्या पिशवीत घालणार आहे. त्या दिवसानंतर गावात आणखी तीन घरांत त्याची बाटली गेली.

झुल्फानकडे गेलो तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. अंग खाजवत होता. माझ्या आवाजाने वळला तेव्हा खिडकीचा उजेड त्याच्या डोळ्यांत पडला. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीत बुडवल्यासारखा झाला होता.

"लघवी कशी होते?" मी विचारलं.

"कडक चहासारखी."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता शहरात जाऊ."

तो हसला, म्हणजे ओठ तेवढे हलले. मला तो उदा म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. "उदा, मामा काय म्हणालेत माहितीये? औषध अर्धं टाकून गेला तर समजायचं की याला राग काढायचाच नाही. मग त्याने आपल्या आईकडेच राहावं. वित्री तर आधीच तोंड बघत नाही. मी गेलो तर लेकीला परत बघणार नाही."

"आणि राहिलास तर?"

"राहिलो तर खडे संपतील कधीतरी."

"ते संपणार नाहीत, झुल. ते पेल्यातून येतात. जेवढं पिशील तेवढे निघतील, जेवढे निघतील तेवढे राग सांगावे लागतील, आणि राग आहेत म्हणून पुन्हा पेला."

"आता मला खरंच कळत नाही," तो म्हणाला, "की ते राग मी बनवले होते की माझ्या मनात होते. रोज इतके मोजायला लावतात की माझं मलाच पटायला लागलंय."

मला त्याची कीव आली आणि भीतीही वाटली. त्या माणसाच्या पोटात एक खरा रोग होता आणि डोक्यात दुसरा घातला जात होता.

मामांशी बोलून उपयोग नव्हता. घरात मामांना थांबवू शकेल असं एकच माणूस होतं, सासूबाई. त्यांची बाजारात भाताची खाणावळ आहे. मी सकाळी त्यांच्या मागोमाग चुलीपाशी गेलो. त्या रोजच्यासारख्या म्हशीची वजडी आणि आतडी साफ करत होत्या. आतड्यात अंडी आणि टोफू भरून त्या जो रस्सा करतात त्यासाठी लांबलांबची माणसं येतात.

"आमाक," मी म्हणालो, "इतकी वर्षं काळीज कापताय. कधी सुरीला खडा लागला?"

"म्हशीला सासू नसते," त्या म्हणाल्या आणि आतडं उलटं करून धुवायला लागल्या.

मी हार मानली नाही. समोरच सगळं पडलेलं होतं. वजडीवर बोट ठेवलं. "हे जठर. इथे अन्न आंबट रसात घुसळलं जातं, त्याची पेज होते. ती पेज पुढे या बारीक आतड्यात उतरते, तुम्ही अंडी भरता त्यात. खरं पचन इथे होतं. आणि हे काळीज. हे दिवसभर पित्त बनवतं आणि या हिरव्या पिशवीत साठवतं."

"ती मी फेकते. फुटली तर सगळा रस्सा कडू."

"पित्तच ते. आमाक, तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघते का?"

"साबण लागतो."

"पोटात साबणाचं काम पित्त करतं. तेलकट घास आतड्यात आला की ही पिशवी आकसते, पित्ताची पिचकारी उडते, तेलाचे बारीक थेंब होतात. मग स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी आहे, जठरामागे असते, तिचा रस त्या थेंबांची फोड करतो आणि आतड्याची भिंत ते शोषून घेते. हे सावकाश चालतं, जेवणातल्या तेलासाठी. तबीब काय करतो? उपाशी पोट, वर जुलाबाचं मीठ, आणि त्यावर पेलाभर तेल एकदम. आतड्याला ना वेळ मिळतो ना दम. अर्धवट फोडलेलं तेल आणि लिंबातले, पोटातले क्षार एकत्र येतात. तुमच्या आई केळीच्या राखेचं पाणी आणि खोबरेल कढवायच्या, त्याचं काय व्हायचं?"

त्यांचे हात थांबले. "साबण."

"तोच होतो आतड्यात. गोळे वळले जातात आणि पित्ताने हिरवे होतात. काळजाशी त्यांची गाठसुद्धा पडत नाही."

"मग झुलचं दुखणं खोटं?"

"त्याचं दुखणं खरं आहे. त्याच्या पित्ताच्या पिशवीत खरे खडे असावेत, मी डॉक्टर नाही पण लक्षणं तीच आहेत. तेल पोटात गेलं की पिशवी जोरात आकसते. खडा ढकलला जातो आणि नळीत अडकतो. आता पित्ताला वाट राहिली नाही, म्हणून ते रक्तात चढलंय आणि डोळे पिवळे झालेत. आमाक, प्रत्येक पेल्याबरोबर आपण त्याला मारतोय."

त्या पुन्हा आतडं धुवायला लागल्या. माझ्यावर विश्वास ठेवावा असं त्यांना मी कधी काही दिलं नव्हतं; त्याच आठवड्यात मी अंगणात बसून त्यांच्यावरचे चार राग सांगितले होते.

"तबीब तुमच्याबद्दल काय म्हणतो?" मी विचारलं.

"काळीज आरशासारखं आहे म्हणतो. एक खडा नाही." त्यांची मान किंचित ताठ झाली. तबीब त्यांच्याच घरी जेवत होता, त्याला वेगळं काय दिसणार?

"मग तुम्ही प्या. खडे रागाचे असतील तर काही निघणार नाही. तेलाचे असतील तर निघतील. मला काही सिद्ध करायला नको, तुमचं तुम्हीच बघा. फक्त मला वचन द्या, जे निघेल ते सांगाल."

सासूबाईंनी हात धुतले. "संध्याकाळी बाटली आण," त्या म्हणाल्या.

दुपारपासून उपास आणि मीठ पाळून त्या ते तेल तबिबाच्या आणि मामांच्या समोर प्यायल्या. तबिबाने आधी खूप समजावलं की माउलींना कशाला त्रास, निरोगी माणसाला हे औषध जड जातं. सासूबाईंनी पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण पुन्हा भरलं. सासूबाई बाहेर आल्या, धुतलेली ओढणी घेतलेली, चेहरा दगडासारखा.

"काही निघालं नाही," त्या म्हणाल्या.

ते शक्य नव्हतं. थोडेफार तरी निघायला हवे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, तेव्हा मला समजलं. गावात जिच्या काळजाची शपथ घेतात त्या बाईने चारचौघांत म्हणायचं की माझ्यातूनही ओंजळभर निघाले? आणि मग नावं घ्यायची? एकेक करून? त्या आमच्याच सारख्या अडकल्या होत्या, फक्त घर त्यांचं होतं. मला त्यांचा राग आला नाही. पण झुल्फान संपला असं वाटलं.

तबीब फुलला. "सांगितलं नव्हतं?" तो गर्दीकडे वळला. "आरसा. आता सांगा, तेलाचे खडे असते तर माउलीतून का निघाले नाहीत? थोरले जावई, तुमचं विज्ञान काय म्हणतं?"

लोक हसले. मी सासूबाईंना सगळ्यांदेखत खोटं ठरवलं असतं तर माझं ऐकलंही कोणी नसतं.

तेवढ्यात झुल्फानला दोघांनी धरून आणलं. त्याला थंडी वाजून ताप भरला होता, दात वाजत होते. कळ आली तसा तो वाकला आणि चटईवर कुशीवर पडला. गर्दी कुजबुजली.

"खडा दाराशी आलाय," तबीब म्हणाला. "सगळ्यात मोठा. हा कुणावरचा आहे ते हा लपवतोय. दुप्पट औषध लागेल."

त्याने मोठा पेला भरला. मामांनी झुल्फानचं डोकं उचललं. मी पुढे झालो तर मामांच्या दोन भाच्यांनी मला दंडाला धरलं, अगदी आदराने, जावयाला धरावं तसं. पेला झुल्फानच्या ओठांना लागला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

त्या घरामागे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात झाकलेलं मातीचं भांडं होतं. त्यांनी ते तबिबाच्या पांढऱ्या ताटात सगळ्यांदेखत ओतलं. हिरवे खडे ताटभर पसरले, झुल्फानच्यापेक्षा जास्त होते.

"हे माझे," त्या म्हणाल्या. "मघाशी मी खोटं बोलले. लाज वाटली म्हणून."

तबिबाची सावरून घ्यायची सवय जागी झाली. "माउली, मग आता नावं—"

"नावं नंतर. आधी मला सांग. काल संध्याकाळी तू म्हणालास माझं काळीज आरसा आहे. रात्रभर मी चटईवर आणि मोरीत होते. एवढ्यात मी इतक्या लोकांवर रागावले कधी? झोपेत?"

कोठाराच्या पायऱ्यांवरून कोणीतरी फिसकन हसलं.

"माझ्या पोटात रात्रीत एकच गोष्ट गेली," सासूबाई म्हणाल्या, "तुझं तेल. आणि माझ्या पोटातून हे निघालं. सुतानने मला सांगितलं होतं असंच होईल. तू सांगितलं होतंस होणार नाही." सुतान म्हणजे मी, लग्नात मिळालेलं नाव. त्यांनी ते पहिल्यांदाच कौतुकाने घेतलं.

"राग कधीकधी खोल असतो, माउली. माणसाला स्वतःलाही कळत नाही."

"तुला तर कळलं होतं ना? आरसा म्हणालास." त्यांनी झुल्फानच्या ओठांजवळचा पेला काढून घेतला आणि तबिबासमोर धरला. "घे. तूच पी. तुझं काळीज तर सगळ्यात साफ असेल. उद्या सकाळी सगळे इथेच बसू. काही निघालं तर तूही नावं घे, आम्ही ऐकतो."

तबिबाने पेल्याकडे पाहिलं. प्यायला तर खडे, नाही प्यायला तर लबाडी. त्याने पोटावरून हात फिरवला.

"आज माझं पोट जरा ठीक नाही," तो म्हणाला.

हसण्याचा जो लोंढा उठला त्यात त्याने बाटल्या पिशवीत कधी भरल्या ते कोणी पाहिलंही नाही. मला त्याच्यामागे धावायला वेळ नव्हता. सासूबाई भावाकडे वळल्या होत्या. "दातुक, बघत काय बसलास? गाडी काढ. पोरगं जळतंय." आणि ज्यांच्या नजरेला मी कधी नाही म्हणू शकलो नव्हतो ते मामा धावत गेले.

शहरातल्या डॉक्टरीणबाई आम्हाला बोलल्या, आणि बोलायलाच हवं होतं. नळीत खडा अडकून आत पू व्हायला लागला होता. आणखी एक पेला पाजला असता तर काय झालं असतं ते त्यांनी वित्रीला बाहेर पाठवून मग आम्हाला सांगितलं. आधी नळी मोकळी केली, ताप उतरल्यावर पिशवी काढली. त्यातून निघालेले खडे त्यांनी छोट्या डबीत घालून दिले. करडे, टोकदार, कडक. मी त्यांतला एक उकळत्या पाण्यात टाकला. तो तसाच बुडून राहिला. झुल्फान आता तेल बेताने खातो आणि पूर्वीसारखाच गप्प असतो. वित्रीने त्याची माफी मागितली, त्यानेही तिची मागितली, कशाबद्दल ते दोघांनाही नीट सांगता आलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते सासूबाईंचं. तबीब गेला तरी गावातल्या तीन घरांत त्याच्या बाटल्या होत्या. मी सांगायला गेलो तर लोकांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. मग सासूबाई गेल्या. जी बाई शौचाला जाते हेसुद्धा गावाला माहीत नसावं अशा थाटात जगली, ती दारोदार बसून सांगत होती की माझ्या पोटातून काय निघालं, कसं निघालं, किती निघालं, आणि ते गरम पाण्यात कसं वितळलं. एका घरी त्यांच्या मैत्रिणीने विचारलं, "इतकं सगळं सांगायला तुला काही वाटत नाही?" सासूबाई म्हणाल्या, "वाटतं ना. म्हणूनच त्या दिवशी जावई गेला असता." तिन्ही घरांतल्या बाटल्या ओढ्यात गेल्या.

मी शाळेत मुलांना आता पचनाचा धडा असाच शिकवतो. जठर घुसळतं, काळीज पित्त बनवतं, पिशवी साठवते, स्वादुपिंडाचा रस फोड करतो, आतडं शोषतं. यातला एकही अवयव कुणावर रागावत नाही. राग माणसात असतो, तो बोलून मिटवा किंवा भांडून मिटवा, पण त्याचा हिशेब ताटात शोधू नका. आणि तुमच्या घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर हा कुणावरचा राग आहे असं विचारत बसू नका. गाडी बोलवा.